घरच्या कार्याचें चलच्चित्र : स्पष्टता आणि प्रकाश

मुंज, लग्न, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन हे प्रसंग एकेका व्यक्तीच्या वांट्यास बहुधा एकदांच येतात. पूर्वीं अशा प्रसंगाची आठवण म्हणून सर्व मंडळींना ओळीनें बसवून एक फोटो काढीत आणि तो माजघराच्या भिंतीवर टांगीत. आतां घरांतील एखाद्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलाजवळ किंवा सुनेजवळ डी.एस.एल.आर. कॅमेरा असतो आणि त्याच यंत्रानें फोटोबरोबर चलच्चित्रहि घेतां येतें. आजोबांचें चालणें, आत्याबाईंचें हसणें, गुरुजींचा आवाज हें सर्व त्यांत सांपडतें. हा लाभ लहान नव्हे.

परंतु अशीं घरगुती चित्रें पाहावयास बसलें म्हणजे बहुधा एकच तक्रार ऐकूं येते. चेहरा क्षणभर रेखीव दिसतो, मग धुकें पडल्यासारखा होतो, पुन्हा रेखीव होतो. उजेड कधीं वाढतो, कधीं मंदावतो. पाहणारा म्हणतो, "कॅमेरा स्वस्तांतला असेल." वास्तविक कारण निराळें असतें. कोणत्या वस्तूवर दृष्टि स्थिर करावी आणि किती उजेड आंत घ्यावा, या दोन्ही गोष्टींचा निर्णय यंत्रावर सोंपविलेला असतो. फोटो काढतांना यंत्र हा निर्णय एकदांच करतें; तो चुकला तर दुसरा फोटो काढतां येतो. चलच्चित्रांत मात्र तें क्षणोक्षणीं नवा निर्णय करीत राहतें आणि त्याची ही सारी चलबिचल चित्रांत उमटते. म्हणून चलच्चित्र घेणारानें हे दोन्ही निर्णय आरंभापूर्वीं स्वतः करावे व प्रसंग संपेपर्यंत त्यांवर ठाम राहावें, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

ही रीत कांहीं नवी नाहीं. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चलच्चित्र घेतलें आणि १९०१ सालीं रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हांच्या स्वागताचेंहि घेतलें. त्या काळच्या कॅमेऱ्यांत आपोआप होणारें असें कांहींच नव्हतें. अंतर आणि उजेड यांचा अंदाज आधीं बांधल्यावांचून काम सुरूच करतां येत नसे. पुढें २००८ सालीं निकॉनचा डी ९० आणि पाठोपाठ कॅननचा ५ डी मार्क २ हे कॅमेरे निघाले आणि फोटोच्या यंत्रांतून चलच्चित्र घेण्याची सोय सामान्य माणसाच्या हातीं आली. अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनली का डब्बा' हा २०११ सालचा चित्रपट कॅननच्या ७ डी या कॅमेऱ्यावर घेतलेला आहे. तेव्हां यंत्राच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. अलीकडे आरसा नसलेले कॅमेरे पुढें आले असले, तरी ज्यांच्या घरीं डी.एस.एल.आर. आहे त्यांनीं तो कपाटांत टाकण्याची मुळींच आवश्यकता नाहीं.

यंत्र कां चांचपडतें

डी.एस.एल.आर. कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें एक तिरपा आरसा बसविलेला असतो. फोटो काढतांना भिंगांतून आलेला प्रकाश या आरशावरून वर डोळ्याकडे जातो. त्यांतलाच थोडा भाग खालीं, यंत्राच्या तळाशीं असलेल्या एका इंद्रियाकडे जातो. समोरची वस्तु फोकसच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, आणि किती, हें त्या इंद्रियास तत्काळ कळतें. म्हणून फोटो काढतांना फोकस झटकन् जुळतो.

चलच्चित्र घेतांना प्रकाश सतत संवेदकावर पडत राहिला पाहिजे. यास्तव आरसा वर उचलून धरलेला असतो. साहजिकच डोळा लावावयाच्या खिडकींत अंधार होतो आणि तळाचें तें इंद्रियहि आंधळें होतें. मग बहुतेक जुन्या यंत्रांना दुसऱ्या उपायाचा आश्रय करावा लागतो. भिंग थोडें पुढें सारावयाचें, थोडें मागें सारावयाचें आणि चित्रांतील रेषा कोठें सर्वांत ठळक होतात तें पाहावयाचें. अंधारांत भिंत चांचपून दार शोधणाऱ्या माणसासारखी ही स्थिति आहे. सर्वांत ठळक जागा कोणती हें कळण्यासाठीं ती ओलांडून परत यावें लागतें, आणि हें ओलांडणें व परत येणें पाहणारास धुक्याच्या लाटेसारखें दिसतें. होमाचा धूर मध्यें आला कीं रेषाच पुसट होतात आणि हा शोध संपतच नाहीं.

कॅननच्या ७० डी या कॅमेऱ्यांत २०१३ सालीं संवेदकाच्या प्रत्येक कणाचे दोन भाग करून ही अडचण पुष्कळ कमी करण्यांत आली. ज्यांच्याजवळ तसें यंत्र असेल त्यांचें काम सोपें होतें. तथापि बटु आणि त्याच्या पुढून ताट घेऊन जाणारे काका यांत आज महत्त्व कोणाचें, हें त्या यंत्रास कोण सांगणार? तें जाणणारा मनुष्यच पाहिजे.

दृष्टि स्थिर करणें

प्रथम भिंगाच्या बाजूस जी लहानशी कळ असते ती ए.एफ. वरून एम.एफ. कडे सरकवावी. म्हणजे फोकस हातानें जुळविण्याचा अधिकार आपल्याकडे आला. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. विधीच्या पाटावर घरांतील कोणासहि दोन मिनिटें बसवावें. कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर चित्र पांचपट किंवा दहापट मोठें करून पाहण्याची सोय असते. तिचा उपयोग करून बसलेल्या व्यक्तीचा डोळा मोठा करावा आणि भिंगाचें कडें सावकाश फिरवावें. पापण्यांचे केस वेगळे दिसूं लागले म्हणजे किंचित् पुढें जाऊन पुन्हा मागें यावें, आणि जेथें ते सर्वांत स्पष्ट होते तेथें थांबावें. बहुतेक यंत्रांत चित्रण चालू झाल्यावर ही मोठें करून पाहण्याची सोय मिळत नाहीं, म्हणून हें काम आधींच उरकलें पाहिजे. अंगणांत ऊन असेल तर पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं जुने फोटोग्राफर करीत त्याप्रमाणें डोक्यावरून काळें वस्त्र घ्यावें. ज्यांना वाचावयास चष्मा लागतो त्यांनीं तो लावावा. पडदा डोळ्यांपासून वीतभरच लांब असतो.

आतां एका हिशेबाकडे लक्ष द्यावें. भिंगाच्या छिद्राचे आंकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आंकडा वाढला कीं छिद्र लहान होतें. कारण हे आंकडे छेदाचे आहेत. एक चतुर्थांश हा एक द्वितीयांशाहून लहान, हें जसें शाळेंतील मुलास ठाऊक असतें, तसेंच हें. छिद्र मोठें असलें कीं पार्श्वभूमि मऊ, धूसर होते आणि चेहरा उठून दिसतो. म्हणून नवशिक्याला मोठ्या छिद्राचा मोह पडतो. परंतु घरगुती कॅमेऱ्यांत सामान्यतः जो मध्यम आकाराचा संवेदक असतो, त्यावर ५० मिलिमीटरचें भिंग लावून २ मीटरवरील व्यक्तीचें चित्र घेतलें, तर १.८ या छिद्रास स्पष्टतेची खोली सुमारें ११ सेंटिमीटर भरते. म्हणजे अवघी अर्धी वीत. बटु पळीभर पाणी घेण्यास वांकला कीं तो या अर्ध्या वितीच्या बाहेर गेला. तेंच छिद्र ५.६ केलें तर ही खोली सुमारें ३४ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत होते. स्थिर फोटोला १.८ शोभेल, विधि चालू असतां ४ ते ५.६ हेंच श्रेयस्कर.

लग्नांतील अंतरपाटाचा प्रसंग घ्या. कॅमेरा वराच्या खांद्यामागें उभा आहे आणि समोर पांढरें वस्त्र धरलेलें आहे. मंगलाष्टकें चाललीं आहेत तोंवर यंत्र त्या वस्त्राच्या विणीवर आपली दृष्टि स्थिर करतें. 'सावधान' शब्दाचा घोष होऊन अंतरपाट दूर होतो, वधू वर पाहते, आणि नेमक्या त्याच क्षणीं यंत्र पुन्हा चांचपडूं लागतें. दोन सेकंदांनीं तें वधूच्या मुखावर येतें खरें, पण तोंवर जी नजर पाहावयाची ती होऊन गेलेली असते. याउलट अंतरपाट धरण्यापूर्वींच वधू उभी राहावयाच्या जागीं फोकस जुळवून ठेवला, तर मंगलाष्टकें चालू असतां वस्त्र किंचित् धूसर दिसेल आणि तें दूर होतांच वधूचा चेहरा रेखीव उमटेल. वस्त्र धूसर दिसल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

चालणाऱ्या माणसाचें चित्र सर्वांत कठीण. येथें खुणा आधीं ठरवाव्या. सप्तपदींत तर तांदळाच्या सात राशी मांडलेल्याच असतात. याहून चांगल्या खुणा कोणत्या? कॅमेरा त्या ओळीच्या बाजूस, मध्यावर पण जरा दूर ठेवला, तर दांपत्य सात पावलें चाललें तरी त्याचें कॅमेऱ्यापासूनचें अंतर फारसें बदलत नाहीं व एकच फोकस पुरतो. समोरून घ्यावयाचें असेल तर प्रत्येक राशीवर फोकस जुळवून भिंगाच्या कड्यावर कागदाची पट्टी चिकटवावी व तिजवर पेन्सिलीनें खुणा कराव्या. कांहीं नव्या भिंगांचें कडें न अडतां गोल फिरत राहतें. त्यावर अशा खुणांचा उपयोग होत नाहीं. तशा भिंगास बाजूची जागाच बरी.

आणखी एक सूचना. चित्रण चालू असतां झूम करूं नये. फोटोचीं बहुतेक झूम भिंगें अशीं असतात कीं, लांबी बदलली कीं फोकस सरकतो. शिवाय यंत्राबरोबर येणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या साध्या भिंगाचें सर्वांत मोठें छिद्र एका टोकास ३.५ तर दुसऱ्या टोकास ५.६ असतें, त्यामुळें झूम करतांना उजेडहि मंदावतो. छिद्र ५.६ वर ठेवून हा दुसरा दोष टाळतां येतो, पहिला टळत नाहीं.

प्रकाशाचें माप

प्रकाशावर सत्ता चालविणाऱ्या गोष्टी तीन : झडप म्हणजे शटर, भिंगाचें छिद्र, आणि संवेदकाची ग्रहणशक्ति, जिला आय.एस.ओ. म्हणतात. फोटोंत या तिन्ही मोकळ्या असतात. चलच्चित्रांत झडप जवळजवळ बांधलेलीच असते. आपल्याकडे सेकंदास २५ चित्रें घेणें सोयीचें. आणि हालचाल डोळ्यांस स्वाभाविक वाटावी म्हणून प्रत्येक चित्रास त्याच्या काळाच्या निम्मा, म्हणजे १/५० सेकंद वेळ द्यावा, असा संकेत आहे. याहून फार कमी वेळ दिला तर हातवारे तुटक दिसतात.

१/५० चें दुसरेंहि एक कारण आहे व तें आपल्या देशास विशेष लागू आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. त्यामुळें अनेक दिवे सेकंदास १०० वेळां कमीअधिक होतात. डोळ्यास हें कळत नाहीं, कॅमेऱ्यास कळतें. झडप १/५० किंवा १/१०० असली म्हणजे प्रत्येक चित्रांत पूर्ण स्पंदनें येतात आणि उजेड सारखा राहतो. ती १/६० किंवा १/१२५ ठेवली तर मंगल कार्यालयाच्या भिंतीवर काळसर पट्टे सरकतांना दिसूं लागतात. दोष दिव्यांचा नाहीं, हिशेबाचा आहे.

राहिलें छिद्र आणि आय.एस.ओ. छिद्र ४ किंवा ५.६ हें वर ठरलेंच. कार्यालयांत सामान्य उजेड असेल तर आय.एस.ओ. ८०० ते १६०० लागेल; तो उगाच वाढवूं नये, कारण त्यापायीं चित्रांत रवा दिसूं लागतो. कॅमेऱ्याची चकती एम. वर ठेवावी आणि ऑटो आय.एस.ओ. बंद करावा. कांहीं यंत्रांत चलच्चित्रासाठीं हा मॅन्युअल पर्याय मेनूंत जाऊन निराळा निवडावा लागतो, तें पाहून घ्यावें.

यंत्राचें प्रकाशमापक खोटें बोलत नाहीं, पण त्यास एकच गोष्ट ठाऊक आहे. समोरचें जग सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे, असें तें धरून चालतें. बटूचें शुभ्र वस्त्र, पांढरी भिंत, तांदूळ असें सर्व पांढरें समोर आलें कीं तें म्हणतें, उजेड फार झाला, आणि चित्र काळवंडवितें. काळी चंद्रकळा नेसलेली बाई पुढून गेली कीं तेंच चित्र उजळ करतें. होमांत तर दर आहुतीस तूप पडतें, ज्वाळा उठते, आणि आपोआप चालणारें यंत्र त्या ज्वाळेला भिऊन यजमानांचीं मुखें अंधारांत लोटतें. ज्वाळा बसली कीं पुन्हा तीं वर येतात. म्हणून माप एकदां मुखांवरून घ्यावें व मग बदलूं नये. ज्वाळेचा गाभा पांढरा पडला तरी चालेल. आपणांस अग्नीच्या उजेडांतलीं माणसें पाहावयाचीं आहेत.

माप घेण्याची सोपी युक्ति अशी. विधीच्या जागीं जो उजेड आहे त्यांत आपला तळहात धरून त्यानें पडदा भरून टाकावा, आणि मापकाचा कांटा मध्यापासून एक घर उजवीकडे येईल असें आय.एस.ओ. ठरवावें. तळहात मध्यम करड्या रंगाहून सुमारें दुप्पट प्रकाश परतवितो, म्हणून हें एक घर. नंतर पडद्यावर हिस्टोग्राम नांवाचा आलेख आणून पाहावा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीस टेकून तुटला असेल, तर पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या नाहींशा झाल्या असें समजावें व आय.एस.ओ. थोडें उतरवावें. नुसत्या पडद्याच्या उजेडावर विसंबूं नये. अंधाऱ्या खोलींत तो उजळ भासतो व उन्हांत काळा.

भर उन्हांत उलट अडचण येते. स्वच्छ उन्हांत आय.एस.ओ. १०० व छिद्र १६ असतां झडप सुमारें १/१०० लागते, असा जुना आडाखा आहे. आपण झडप १/५० ठेवली म्हणजे प्रकाश दुप्पट झाला. छिद्र १६ वरून ५.६ केलें म्हणजे तीन पायऱ्या, अर्थात् आठपट झाला. एकूण सोळापट. तो अडविण्यास भिंगावर करड्या रंगाची कांच लावतात, तिला एन.डी. फिल्टर म्हणतात. येथें १६ अंकाची कांच बरोबर पुरेल. ती नसेल तर मांडवाच्या सावलीचा आश्रय करावा; झडपेचा वेग वाढवूं नये.

हें सर्व कशासाठीं

इतक्या खटाटोपाची काय गरज, असें कोणी म्हणेल. आमच्या परिचयाच्या एका घरीं नातवाची मुंज झाली. मातृभोजनाच्या वेळीं आईच्या शेजारीं आजी बसल्या होत्या आणि नातवाला एकेक घांस भरविण्याचा आग्रह करीत होत्या. पाठीमागें मोठी खिडकी होती. यंत्रानें खिडकीचें माप घेतलें. बाहेरचा आंबा पानापानानें स्पष्ट आला आणि तिघांचीं मुखें काळीं राहिलीं. वर्ष पुरें होण्याच्या आंत आजी निवर्तल्या. त्यांचें बोलतें-चालतें असें तेवढेंच एक चित्र घरांत आहे. संगणकावर तें उजळून पाहिलें, तेव्हां चेहऱ्याऐवजीं रवाच वर आला. कारण या कॅमेऱ्यांचें चलच्चित्र फार आंवळून सांठविलेलें असतें व काळ्या भागांत पुढें काढण्याजोगें थोडेंच उरतें. धूसर चेहरा रेखीव करून देणारीं साधनें आतां निघालीं आहेत. परंतु जें टिपलें गेलें नाहीं तें तीं अंदाजानें रचतात. नातवंडांस डोळे दिसतील, पण ते त्यांच्या आजीचे असतीलच असें नाहीं.

येथें उपाय साधा होता. पाट फिरविण्याचें कारण नव्हतें. विधीची दिशा कॅमेऱ्यासाठीं बदलूं नये. कॅमेऱ्यानेंच खिडकीकडे पाठ करून उभें राहावयाचें होतें. तोच उजेड मग तिघांच्या मुखांवर पडलेला दिसला असता.

म्हणून कार्याच्या आधीं एखाद्या रविवारीं घरांतल्या घरांत तालीम करावी. एका मुलास तुळशीपासून उंबरठ्यापर्यंत चालावयास सांगावें, एकास खिडकीशीं बसवावें, देवापुढें समई लावून तिच्या उजेडांत आजोबांचा चेहरा घ्यावा. आणि हें सर्व कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर न पाहतां दिवाणखान्यांतील टेलिव्हिजनवर लावून पाहावें. मोठ्या पडद्यावर फोकसचा दोष लपत नाहीं.

आणि एक काम वडील मंडळींचें आहे. यंत्र चालविणाऱ्या मुलास झडप आणि छिद्र ठाऊक असतें. परंतु पुण्याहवाचनानंतर काय येतें, लाजाहोमास वधूचा भाऊ कोणत्या बाजूनें पुढें होतो, अंतरपाट कोण धरणार, हें त्यास ठाऊक नसतें. आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा तास त्याला जवळ बसवून विधींचा क्रम, प्रत्येकाची बसावयाची जागा व तोंड करावयाची दिशा हीं एका कागदावर लिहून द्यावीं. तो कागद खिशांत असला म्हणजे प्रत्येक विधीच्या दोन मिनिटें आधीं कॅमेरा जागेवर, फोकस जुळलेला आणि प्रकाश ठरलेला, असें त्यास सहज करतां येईल.